दुष्काळ आणि देहूचा वाणी

उन्हाळ्यात आपल्या कळंब्याच्या तलावाचे पाणी खाली गेले की पोटात कालवाकालव होते. १६३० साली पावसाने पाठ फिरवली तेव्हा देहूच्या माणसांजवळ तर एवढाही आधार नव्हता.

आमच्या चळवळीतले तरुण श्रद्धेला दुबळ्याची कुबडी म्हणतात. मार्क्सचे अफूचे बोल सर्वांना पाठ असतात. पण १८४४ साली छापलेल्या त्याच लेखात त्याने धर्मात पीडितांची तक्रारही पाहिली होती. तेवढे मात्र वाचायचे राहून जाते. ते असो. पोथीतला वाद बाजूला ठेवून आपण एका माणसाची हकिकत पाहू.

तुकोबांचे घराणे कुणब्याचे, धंदा वाण्याचा. घरी महाजनकी, दुकान आणि सावकारी. आईबाप वारले, भावजय वारली, थोरले बंधू सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यातच हा दुष्काळ गुजरातेपासून दख्खनपर्यंत पसरला. मुलखात लढायाही चालू होत्या. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळले. म्हणजे सगळा दोष एकट्या आभाळाच्या माथी मारता येत नाही. तुकोबांची थोरली पत्नी रखमा अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. धंद्याचे दिवाळे वाजले.

जून १६३१ मध्ये बऱ्हाणपुरास शहाजहानची बेगम मुमताज वारली. तिच्या नावाने त्याने ताजमहाल उभारला. इकडे देहूच्या विधुराने वडिलोपार्जित विठ्ठल मंदिराची पडझड दुरुस्त केली. खजिना नव्हता, हात होते.

भामनाथ आणि भंडारा या डोंगरांवर ते एकांतात बसत. परंतु त्यांची श्रद्धा गप्प बसणारी नव्हती. ते विठ्ठलाशी भांडले, त्याला जाब विचारला, आणि दिवाळे निघाले हे बरेच झाले असेही त्यालाच सांगितले. दुःखाला बोलायला कोणीतरी समोर लागते. आमच्या युनियनच्या कचेरीत येणारा कित्येक माणूस निम्मा वेळ तेवढ्यासाठीच बसतो.

परंपरा सांगते की त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. धाकटे बंधू कान्होबा आपल्या निम्म्या वाट्याचे कागद घेऊन वेगळे झाले. बुडाले ते तुकोबांच्या वाट्याचे. ही हकिकत मला मोलाची वाटते. दुष्काळात स्वतः भाजून निघालेला सावकार भाजलेल्या कुळांकडे वसुलीला गेला नाही. याला कुबडी कसे म्हणावे?

मात्र दुसरी बाजू झाकून चालणार नाही. धाकटी पत्नी जिजाई, आवली, हिला कीर्तनकार कजाग म्हणून रंगवतात आणि सभा हसते. घरात दाणा नाही, पदरी पोरे, आणि धनी डोंगरावर! तिने बोलू नये तर कोणी? नवऱ्याचे वैराग्य तिच्या चुलीवर शिजत होते, शिवाय डोंगरावर त्याची भाकरी घेऊन तीच जात असे.

१९७४ च्या गिरणी संपात मुंबईत असेच घडले. घाटावरचे, कोकणातले कामगार खानावळीत जेवत. पगार थांबले तरी खानावळवाल्या बायांनी ताटे वाढणे थांबवले नाही, आणि त्या स्वतः सावकाराच्या कर्जात बुडाल्या. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने त्या एकत्र आल्या, बँकांच्या दारात गेल्या आणि आपल्या नावावर कर्ज मिळवले. मंडळाला नाव दिले देवीचे : अन्नपूर्णा.