माउंट हॉलीचा शिंपी

ख्रिस्ती धर्मात देवमाणूस कोणाला म्हणावे, असा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा सिंहाच्या तोंडी गेलेले हुतात्मे, वाळवंटातील तपस्वी किंवा असीसीचा फ्रान्सिस उभा राहतो. आज ज्याच्याविषयी बोलावयाचे आहे तो संत नव्हता. त्याच्या पंथात कोणाला संतपद देण्याची रीतच नाही. तो आधी दुकानात कारकुनी करी आणि पुढे शिंपी झाला.

जॉन वूलमन याचा जन्म १७२० साली अमेरिकेतील न्यू जर्सी या इंग्रजी वसाहतीत एका शेतकरी क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून निघालेला पंथ. पुरोहित नाही, विधी नाही. मंडळींनी एकत्र जमून मौन धरून बसावयाचे आणि अंतःकरणातील ईश्वरी प्रकाशाची वाट पाहावयाची. लहानपणी वूलमनने दगड मारून एक पक्षीण ठार केली. मग घरट्यातील पिले उपाशी तडफडून मरतील हे ध्यानात येताच त्याने झाडावर चढून तीही मारली. ही आठवण त्याने आपल्या आत्मवृत्तात स्वतः लिहून ठेविली आहे. साधुपुरुषांच्या चरित्रांत असले प्रसंग सहसा आढळत नाहीत.

पुढे माउंट हॉली गावी तो एका दुकानदाराकडे हिशेब लिहिण्यास राहिला. वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास एके दिवशी मालकाने आपली एक कृष्णवर्णीय दासी विकली आणि वूलमनला विक्रीखत लिहिण्यास सांगितले. गिऱ्हाईक समोर खोळंबले होते, आणि ते गिऱ्हाईकही वयोवृद्ध क्वेकरच! वूलमनचे मन कचरले. पण आपण वर्षाच्या कराराने बांधलेले, आज्ञा धन्याची, असे म्हणून त्याने ते खत लिहिले. लिहून होताच त्या दोघांच्या तोंडावर त्याने सांगितले की, गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते. एवढे बोलल्याने मन थोडे हलके झाले. परंतु आपण आरंभीच नकार द्यावयास हवा होता, ही टोचणी मात्र राहिली.

माझ्या मते त्याच्या धर्मजीवनाचा खरा आरंभ येथे आहे. पुढे एकदा एका जखमी शेजाऱ्याने त्याला मृत्युपत्र लिहावयास सांगितले. वूलमनने सारे लिहिले; फक्त कोवळ्या वयाची दासी कोणत्या मुलाला द्यावयाची, तेवढे कलम गाळले. मग बिछान्याजवळ बसून मजकूर वाचून दाखविला, मेहनताना घेत नाही म्हणून सांगितले, आणि उरलेले कलम माझ्याच्याने लिहवणार नाही, असे सौम्यपणे कळविले. दोघांचे पुष्कळ बोलणे झाले. अखेर शेजाऱ्याने त्या मुलीला मुक्त करण्याचे कबूल केले, तेव्हा मृत्युपत्र पुरे झाले.

ह्याच काळातला बेंजामिन ले हा क्वेकर निराळ्या वृत्तीचा. १७३८ साली बर्लिंग्टनच्या सभेत त्याने पोकळ केलेल्या ग्रंथात लपविलेल्या लाल रसाच्या पिशवीत तलवार खुपसून गुलामधन्यांवर तो रस शिंपडला! पंथाने त्याला बाहेर काढले. त्याचा संताप खरा होता, आणि त्याला वेडा ठरविणे अन्यायाचे होईल. वूलमनने मात्र दुसऱ्याच्या अंगावर रस उडविण्याऐवजी स्वतःच्या अंगावरचे कपडे तपासले. व्यापार वाढू लागला तसा त्याने तो आटोपता घेतला आणि शिंपीकाम व फळबाग यांवर उदरनिर्वाह चालविला. रंगामुळे वस्त्राचा मळ लपतो, म्हणून त्याने न रंगविलेली वस्त्रे धरली. नेमकी त्याच वेळी काही शौकीन लोकांत पांढऱ्या टोपीची टूम निघाली, आणि बिचाऱ्याच्या बिनरंगी टोपीकडे लोक भलत्याच नजरेने पाहू लागले!

दक्षिणेकडील वसाहतींत फिरताना गुलामधन्यांच्या घरी उतरावे लागे. गुलामांच्या कष्टांचे फुकट खाणे त्याला रुचेना. निघताना तो त्यांच्या कामाबद्दल पैसे देई. यजमान ओशाळत, आणि देणाऱ्यालाही ते जड जाई. १७५४ साली त्याने गुलामगिरीविरुद्ध निबंध छापला. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत तो बोलला, आणि गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरोघर जाऊन त्यांची समजूत घालण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्यांत तो होता.

१७७२ साली तो इंग्लंडला गेला. जहाजातील उतारूंच्या खोलीवरील नक्षीकाम त्याला अनाठायी वाटले, म्हणून खलाशांबरोबर खालच्या कोंदट जागेत राहिला. तेथे टपालगाड्यांचे घोडे बेदम पळविले जातात आणि हाकणारी पोरे थंडीत कुडकुडतात, हे कळल्यावर तो पायीच फिरला. अशा वागण्याचा अतिरेक झाला, असे कोणी म्हटल्यास मी भांडणार नाही. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला यॉर्क शहरी देवी येऊन तो वारला.

त्याचे आत्मवृत्त १७७४ साली प्रसिद्ध झाले. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्याला पंथात स्थान नाही असे ठरविले. साऱ्या अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होण्यास १८६५ साल उजाडावे लागले. ज्या स्त्रीचे विक्रीखत वूलमनने लिहिले, तिचे नाव त्याच्या आत्मवृत्तात नाही.