लिस्बन : सन १५०६च्या दोन खुणा

युरोपातील एखादे शहर तीन-चार दिवसांत पाहून परतण्याची सोय आता पुष्कळांना परवडू लागली आहे. सकाळी संग्रहालय, दुपारी नदीकाठ आणि रात्री एखाद्या खानावळीत तिथले जेवण, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. आम्हीही लिस्बनला याच बेताने गेलो. मात्र आमच्या मनात आणखी एक ओढ होती. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे तब्बल २०५ वर्षे, वसईचा कारभार ज्या राजधानीच्या नावाने चालला, ते हे शहर. किल्ल्यातील पडक्या चर्चच्या कमानींखाली आमचे बालपण गेले. त्या कमानी उभारणाऱ्यांचे घर कसे होते, हे एकदा पाहावे, एवढीच इच्छा होती.

पहिल्या दिवशी आम्ही तेजो नदीकाठी प्राचीन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय पाहिले. तेथील एका काचेच्या कपाटापुढे आमची पावले थबकली. ते होते परमपवित्र साक्रामेंताच्या आराधनेसाठी घडविलेले सोन्याचे पात्र. 'बेलेंची कुस्तोदिया' या नावाने ते जगप्रसिद्ध आहे. मधल्या भागात बारा प्रेषित गुडघे टेकून बसले आहेत. त्यांच्या अंगावरील मिन्याचे रंग पाचशे वर्षांनंतरही ताजे वाटतात. वर पांढरे कबुतर लटकते आहे आणि सर्वांत उंचावर पित्याची आकृती आहे. जिल्ह्यातील कितीतरी चर्चमधून आम्ही आराधनेला बसलो आहोत. पण इतके नाजूक काम पूर्वी कधी पाहिले नव्हते.

पात्राच्या बैठकीवरच त्याचा इतिहास कोरलेला आहे. राजा मानुएल पहिला याच्या आज्ञेने, किल्वाच्या खंडणीच्या सोन्यातून हे पात्र घडविण्यात आले आणि ते १५०६ साली पूर्ण झाले. किल्वा हे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील, आजच्या टांझानियातील, एक संपन्न व्यापारी बंदर होते. १५०२ साली वास्को द गामा दुसऱ्यांदा हिंदुस्थानकडे निघाला, तेव्हा वाटेत तोफांचा धाक घालून त्याने तेथील सत्ताधीशाकडून हे सोने वसूल केले. त्याच सफरीत पुढे मलबार किनाऱ्याजवळ त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे एक जहाज शेकडो माणसांसह जाळले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. पोर्तुगीज इतिहासकारांनीच हे नोंदवून ठेवले आहे. म्हणजे ज्या सोन्यातून प्रेमाच्या संस्काराचे पात्र घडले, ते सोने भयातून आलेले होते. हे वाचल्यावर त्या कपाटासमोर उभे राहणे आम्हांला सोपे राहिले नाही.

दुसरा दिवस आम्ही बेलेंसाठी राखून ठेवला होता. जेरोनिमो संघाच्या संन्याशांचा तेथील मठ म्हणजे दगडात विणलेली जाळीच होय. दोरखंड, सागरी वनस्पती आणि खगोलयंत्राचे गोल अशी नक्षी खांबांवर चढली आहे. पूर्वेकडील व्यापारावर बसविलेल्या करातून या बांधकामाचा मोठा खर्च भागला. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूला महाकवी कामोइंशची समाधी आहे. राजाने मृत्युपत्राने ते सुवर्णपात्र याच मठाला दिले होते.

मठाला लागूनच असलेल्या रस्त्यावर लोकांची रांग दिसली. ती समाध्यांसाठी नसून मिठाईसाठी होती! १८३४ साली पोर्तुगालमधील संन्यासी संघ बरखास्त झाले आणि मठ बंद पडला. त्यानंतर मठातील पाककृतीने केलेल्या पेस्ट्री शेजारच्या दुकानात विकल्या जाऊ लागल्या. १८३७ पासून आजतागायत तेथे 'पाश्तेल द बेलें' मिळतात. पापुद्र्याच्या वाटीत अंड्याच्या बलकाची घट्ट साय, वरून किंचित करपलेली, आणि त्यावर आपल्या हाताने भुरभुरायची दालचिनीची पूड. ज्या दालचिनीसाठी सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर लढाया झाल्या, ती येथे टेबलावरच्या डबीत फुकट मिळते. आम्ही प्रत्येकी दोन पेस्ट्री खाल्ल्या, हे कबूल केले पाहिजे.

रात्री एका लहान खानावळीत गेलो. अशा घरगुती खानावळीला तेथे 'तास्का' म्हणतात. बसताच न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज पुढे आले. ते खाल्ले तर त्याचे पैसे द्यावे लागतात, हात लावला नाही तर लागत नाहीत, ही तिथली रीत नवख्याला ठाऊक नसते. मग मागविला खारवून वाळवलेला कॉड मासा, म्हणजे 'बाकल्याव'. उत्तरेकडील थंड समुद्रातील हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्याला मिळत नाही. तरी उपवासकाळ आणि नाताळची पूर्वसंध्या यांमुळे तो त्यांच्या घराघरांत रुजला. सुक्या बोंबलावर वाढलेल्या आम्हांला त्याचा वास परका वाटला नाही. पदार्थांची यादी वाचताना तर गंमतच झाली. 'पाँव', 'बताता', 'कोव्ह', 'काजू', 'अननाश' हे शब्द आमच्या आजीने रोज उच्चारलेले! राज्ये गेली, किल्ले पडले. पण पाव, बटाटा, कोबी, काजू आणि अननस मराठी घरात कायमचे राहिले.

तिसऱ्या दिवशी आम्ही शहराच्या मध्यभागी रोसिओ चौकात गेलो. त्याच्या शेजारीच संत दोमिंगो चर्च आहे. १५३१ आणि १७५५च्या भूकंपांत ते खचले, १९५९ साली आगीत जळाले. १९९४ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा आगीने तडकलेले खांब झाकले नाहीत. ते आजही तसेच दिसतात. चर्चबाहेरच्या लहान चौकात एक दगडी स्मारक आहे आणि त्यावर दावीदाचा तारा कोरला आहे. त्यावरील साल वाचून आम्ही चमकलो : १५०६.

१४९७ साली राजा मानुएलने पोर्तुगालमधील यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा घ्यायला लावला. या लोकांना 'नवख्रिस्ती' म्हणत. १५०६च्या वसंतात शहरात दुष्काळ आणि प्लेग होता. ईस्टरनंतरच्या रविवारी, १९ एप्रिल रोजी, याच चर्चमध्ये लोक प्रार्थनेला जमले होते. क्रुसावर अद्भुत प्रकाश दिसतो आहे, असा कोणीतरी पुकारा केला. तो मेणबत्तीचा उजेड असावा, असे एक नवख्रिस्ती म्हणाला. लोकांनी त्याला बाहेर ओढून ठार केले. मग दोन डोमिनिकन संन्याशांनी जमावाला चिथावले आणि बंदरातील परदेशी खलाशीही लुटीसाठी सामील झाले. तीन दिवस कत्तल चालली. दोन हजार ते चार हजार माणसे मारली गेली, असे अंदाज आहेत. प्लेगमुळे राजा शहराबाहेर होता. त्याने नंतर कठोर शिक्षा दिल्या; त्या दोन संन्याशांनाही देहदंड झाला.

ज्या वर्षी ते सुवर्णपात्र पूर्ण झाले, त्याच वर्षी, त्याच शहरात हे घडले. दोन्ही गोष्टी श्रद्धेच्या नावाने झाल्या. २००० साली लिस्बनच्या पॅट्रिआर्कांनी यहुदी समाजाची जाहीर क्षमा मागितली आणि २००८ साली हे स्मारक उभे राहिले.

या इतिहासाचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. स्पेनमधून परागंदा झालेल्या यहुदी कुळातील वैद्य गार्सिया द ओर्ता लिस्बनच्या विद्यापीठात शिकवीत असे. १५३४ साली तो गोव्यास आला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. येथील वनस्पती आणि औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायालयाने जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली.

स्मारकापासून काही पावलांवर चेरीच्या मद्याचे एक दुकान आहे. 'जिंजिन्या' नावाचे ते गोड मद्य १८४०च्या सुमारापासून तेथे मिळते. इवल्याशा पेल्यातून लोक उभ्याउभ्याच ते घेतात. पेला हातात घेऊन आम्ही समोरच्या रोसिओकडे गेलो. चौकाच्या उत्तर बाजूस आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे. धर्मन्यायालयाचा वाडा पूर्वी याच जागी होता. नाट्यगृहाच्या माथ्यावर पोर्तुगीज नाटककार जिल व्हिसेंते याचा पुतळा आहे. ते सुवर्णपात्र घडविणाऱ्या सोनाराचे नावही जिल व्हिसेंतेच! सोनार आणि नाटककार एकच की दोन, याविषयी अभ्यासकांत वाद आहे.

नाटककाराची एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. जानेवारी १५३१ मध्ये भूकंप झाला, तेव्हा सांतारें गावातील संन्यासी प्रवचनांतून त्याला देवाचा कोप म्हणू लागले आणि नवख्रिस्ती भीतीने लपून बसले. वृद्ध जिल व्हिसेंतेने त्या संन्याशांना एकत्र बोलावले, भूकंप ही निसर्गाची घटना आहे असे समजावले आणि राजाला तसे पत्र लिहिले. सांतारेंमध्ये कत्तल झाली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी लिस्बनच्या चर्चमध्ये मेणबत्तीचा उजेड म्हणणारा माणूस एकटा पडला होता. त्याच्या बाजूने बोलणारा कोणी भेटला असता, तर काय झाले असते?

परतण्यापूर्वी आम्ही पुन्हा संग्रहालयात गेलो आणि त्या सुवर्णपात्रापुढे काही क्षण उभे राहिलो. त्याचे सौंदर्य तसूभरही कमी झाले नव्हते. फक्त या खेपेस आम्ही प्रार्थना केली ती किल्वाच्या लोकांसाठी, त्या जळालेल्या जहाजासाठी आणि मेणबत्तीचा उजेड ओळखणाऱ्या त्या अनामिक माणसासाठी.