प्लॅटिपसचे अंडे: वर्गीकरणाच्या इतिहासातील एक वाद

प्राणिशास्त्राच्या तासाला आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. सरीसृपांच्या रकान्यात खवले आणि अंडी. सस्तनांच्या रकान्यात केस, दूध आणि जिवंत पिल्ले. विद्यार्थी तक्ता पाठ करतात, गुणही मिळवतात. परंतु या तक्त्यातील एका ओळीपायी युरोपातील नामवंत विद्वान सुमारे ऐंशी वर्षे भांडत राहिले, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते.

१७९९ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे जॉर्ज शॉ यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या प्लॅटिपसचे वर्णन प्रसिद्ध केले. अंगावर दाट केस आणि तोंडाला बदकाची चोच! कोणी फसवणूक तर केली नसेल ना, अशी शंका शॉ यांनी स्वतःच नोंदवली आहे. १८०२ मध्ये एव्हरार्ड होम यांनी शवविच्छेदन केले. मादीला स्तनाग्रे दिसेनात. मल, मूत्र व प्रजनन यांचा बाहेर पडण्याचा मार्ग एकच, म्हणजे सरड्याप्रमाणे अवस्कर. लामार्क यांनी तर १८०९ मध्ये या प्राण्यांसाठी स्वतंत्र वर्गच सुचवला.

पुढे १८२४ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ मेकेल यांना मादीच्या पोटाच्या त्वचेखाली दुग्धग्रंथी आढळल्या. वाद मिटायला हवा होता, तो वाढला. पॅरिसचे जॉफ्र्वा सेंत-इलेर म्हणाले, हा प्राणी अंडी घालतो, तेव्हा या ग्रंथी दुधाच्या असूच शकत नाहीत. लंडनचे रिचर्ड ओवेन यांनी दूध मान्य केले, पण मग अंडे शरीरातच उबून पिल्लू बाहेर येत असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. एकाचे अंड्याबाबत बरोबर, दुसऱ्याचे दुधाबाबत. आणि दोघांनाही अडवणारी समजूत एकच, की दूध व अंडे एकत्र नांदू शकत नाहीत.

ज्यांच्या नदीकाठी हा प्राणी राहत होता, त्या मूळ रहिवाशांची साक्ष मात्र आधीच उपलब्ध होती. मादी घरट्यात दोन अंडी घालते, असे कुकुगाँग नावाच्या स्थानिक प्रमुखाने सांगितल्याची नोंद पॅट्रिक हिल यांनी १८२२ मध्ये केली होती. दहा वर्षांनी जॉर्ज बेनेट यांनीही विचारपूस केली. उत्तरे परस्परविरोधी वाटल्याने त्यांनी ती बाजूला ठेवली. १८६४ मध्ये पकडलेल्या एका मादीने अंडी घातल्याचे पत्र ओवेन यांना आले, तेव्हा भीतीने गर्भपात झाला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

अखेर १८८४ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलँडच्या बर्नेट नदीकाठी विल्यम कॉल्डवेल यांना हवी ती मादी मिळाली. तिचे एक अंडे बाहेर पडलेले होते, दुसरे गर्भाशयाच्या मुखाशी होते. त्यांची तार २ सप्टेंबरला मॉन्ट्रियलच्या विद्वत्सभेत वाचली गेली. तारेत दोन गोष्टी होत्या: प्राणी अंडज आहे, आणि पक्षी-सरीसृपांप्रमाणे त्याच्या अंड्याचे विभाजन अंशतःच होते, बलक अविभाजित राहतो. योगायोग असा की, त्याच दिवशी ॲडलेडमध्ये विल्हेल्म हाके यांनी एकिडनाच्या पिशवीतले अंडे सभेपुढे ठेवले.

कॉल्डवेल यांच्या कीर्तीमागचा हिशेब त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. सुमारे दीडशे मूळ रहिवासी त्यांच्यासाठी शिकार करीत. प्रत्येक एकिडना मादीमागे अर्धा क्राऊन मिळे. पण प्राणी जास्त येऊ लागले की कॉल्डवेल त्यांना विकत असलेल्या पीठ, चहा आणि साखरेचे भाव चढत. हजाराहून अधिक एकिडना मारले गेले. अंड्याची बातमी देणारे आणि अंडे शोधून आणणारे लोक एकच. मजुरी मात्र पोट भरण्यापुरतीही नव्हती.

आज फरकाची ओळ वेगळी लिहावी लागते. सस्तनांच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एकच हाड व मध्यकर्णात तीन हाडे असतात, आणि प्लॅटिपस या कसोटीला उतरतो. सस्तन आजच्या सरीसृपांपासून निघाले, हे विधानही सैल आहे. दोन्ही शाखा तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समान पूर्वजापासून फुटल्या. २००८ मध्ये प्लॅटिपसचा जनुकसंच वाचला गेला. दुधातील केसीन प्रथिनांची जनुके त्यात आहेतच. शिवाय कोंबडीत बलकाच्या प्रथिनाची जी तीन जनुके आहेत, त्यांपैकी एक प्लॅटिपसमध्ये अजून कार्यरत आहे.