महायुद्धात गेलेला शिपाई : नाईक यशवंत घाडगे कोण होते, आणि आपल्या गावचं नाव कसं शोधायचं?

गावात एखाद्या घरी जुन्या ट्रंकेत पितळी बिल्ला नाहीतर इंग्रजी शिक्क्याचा पिवळा कागद निघतो. "आमचा पणजा लाम लढाईवर गेला, परत आलाच न्हाई," एवढंच घरच्यांना ठाऊक असतं. कुठं गेला, कोणत्या पलटणीत होता, नाव कुठं कोरलंय का, हे कुणी सांगत नाही. असं नाव आज मोबाईलवर शोधता येतं. ते कसं, हे सांगण्याआधी महाराष्ट्रातल्या एका शिपायाची माहिती घेऊ.

नाईक यशवंत घाडगे

जन्म १६ नोव्हेंबर १९२१, गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा आणि आताचा रायगड जिल्हा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक होते. नाईक म्हणजे बाहीवर दोन फिती, हाताखाली साधारण दहा जवानांची तुकडी.

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांच्या ठाण्यावर हल्ला चालू होता. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडगेंच्या तुकडीतले सगळे जण एकतर मेले नाहीतर जखमी झाले. उरले ते एकटेच. मागं कुणी नाही हे माहीत असूनही ते पुढं धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गार केले. दुसऱ्याला टॉमीगननं पाडलं. गोळ्या संपल्या, नवी मॅगझीन भरायला वेळ नव्हता. मग तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना संपवलं. एवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय २२.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश फौजेतला हा सगळ्यात मोठा शौर्य सन्मान. त्यांची समाधी कुठंच नाही. इटलीत कसिनो इथल्या स्मारकावर नाव कोरलेलं आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. त्यावरच्या ओळीचा अर्थ असा, की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. एवढ्या दूरचं गाव ८० वर्षांनी आपल्या माणसाची आठवण काढतंय.

ज्यांची नावंच कोरली नाहीत

घाडगेंना पदक मिळालं म्हणून नाव राहिलं. सगळ्यांचं तसं झालं नाही. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) इराकमध्ये मराठा पलटणी लढल्या. कुत शहराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. अन्न संपलं होतं. इराकच्या बसरा स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र फक्त आकडा लिहिला. २०२१ साली युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कमिशननं या भेदभावाबद्दल माफी मागितली.

आपल्या भागाचं काय?

नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. इथला माणूस निजामाच्या फौजेत असू शकतो किंवा बाहेर जाऊन इंग्रजांच्या फौजेत भरती झालेला असू शकतो. निजामाची हैदराबाद पायदळ पलटण दुसऱ्या महायुद्धात मलायात कोटा भारूच्या विमानतळाच्या राखणीला होती. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी फौज तिथंच उतरली. निजामाचे लान्सर्स घोडेस्वार त्याआधीच्या महायुद्धात सुएझ आणि पॅलेस्टाईनकडे होते. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक मूर्ती त्यांची आहे.

नाव कसं शोधायचं?

१) कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाईट उघडा (सीडब्ल्यूजीसी डॉट ओआरजी). पैसे लागत नाहीत.

२) नाव इंग्रजीत टाका. आडनाव बहुतेक वेळा नोंदलेलं नसतं, म्हणून आधी नुसतं पहिलं नाव टाकून बघा. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे बदला.

३) फौज 'इंडियन' निवडा. युद्ध पहिलं की दुसरं, तेही निवडा.

४) दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदीत बऱ्याच वेळा बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. नाव जुळलं तरी गाव जुळल्याशिवाय आपलाच माणूस आहे असं धरू नका.

५) जिल्हा जुना लक्षात घ्या. लातूर जिल्हा १९८२ ला झाला, त्याआधी तो उस्मानाबादेत होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होतं. आजच्या जिल्ह्याच्या नावानं शोधाल तर हाती काही लागणार नाही.

६) पदक असेल तर त्याची कडा नीट बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सहसा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. नंबर मिळाला तर शोध सोपा जातो.

घरच्या कागदांचे फोटो काढून ठेवा. पदक भंगारात किंवा मोडीत देऊ नका, घासून चकचकीतही करू नका, कडेवरची अक्षरं जातात. कागद समजत नसतील तर नांदेड किंवा लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा.

कुणी म्हणेल, ते तर इंग्रजांसाठी, निजामासाठी लढले, त्यांची आठवण कशाला? युद्ध कुणाचंही असो, पोरगा इथल्याच मातीतला होता आणि त्याची वाट बघत बसलेली आई याच गावातली होती. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. ती गेली की नाव सांगणारं कुणी राहत नाही.