मिठाला जागणारा उजेड

आमच्या पिंपरीला सूक्ष्मजीवांची ओळख झाली ती हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे. १९५५ पासून इथे बुरशी पेनिसिलिन बनवू लागली. काही जिवाणू तर उजेडही देतात. अशा समुद्री जिवाणूंना हॉलंडच्या बायेरिंक यांनी १८८९ मध्ये ‘फोटोबॅक्टेरियम’ हे नाव दिले. ही जात खाल्ल्या मिठाला जागणारी. गोड्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, दिवा विझतो. म्हणूनच यांच्या कुळातल्या जिवाणूकडून कारखान्याचे सांडपाणी तपासताना त्यात आधी सुमारे दोन टक्के मीठ मिसळतात. मग पंधरा, तीस मिनिटांनी उजेड मोजतात. तो मंदावला, तर कारण मिठाची उणीव नव्हे, पाण्यातले विष. पवनेकाठच्या माणसाला या साक्षीचे मोल कळते. आपण मेलेले मासे तरंगल्यावर जागे होतो. हा दिवा अर्ध्या तासात सांगतो.