कुंचा व कुंचला
चुना व रंग लावण्याची साधने. जळगाव व धुळे जिल्ह्यांत (१९०६ पर्यंत एकच खानदेश जिल्हा) दिवाळीपूर्वी भिंतींना चुना देण्यासाठी वनस्पतितंतू ठेचून केलेला कुंचा वापरीत. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने केस खातो. बाराव्या शतकातील मानसोल्लासात वासराच्या कानाचे केस लाखेने बसविण्याची रीत आढळते, पण ती चित्रकारासाठी. तैलरंगांबरोबर डुकराच्या राठ केसांचे कुंचले घरोघर आले आणि निगाही बदलली. खानदेशात पिकणाऱ्या जवसाचे तेल उडून जाऊन वाळत नाही, तर ऑक्सिजन शोषून घट्ट होते. मग रॉकेल व्यर्थ ठरते. म्हणून रंग ओला असतानाच कुंचला रॉकेलात व नंतर साबणाने धुऊन टांगतात. केसांच्या मुळाशी गोठलेला रंग ते फाकवितो. चुन्याच्या कुंच्यास मात्र त्याच दिवशी पाणी पुरे.