केली बार्न्स धरण

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, स्टीफन्स काउंटीतील टोकोआ गावाजवळचे मातीचे खासगी धरण. उंची सुमारे १२ मीटर, लांबी सुमारे १२० मीटर. मागे जेमतेम १६ हेक्टरांचा तलाव. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी ते फुटले आणि ३९ जणांचा बळी गेला.

हे धरण एका आराखड्यानुसार उभे राहिले नाही, थराथराने वाढत गेले. १८९९ मध्ये एका छोट्या वीजघरासाठी लाकडी चौकटीत दगड भरून इथे बांध घातला होता. पुढे टोकोआ फॉल्स या बायबल शिक्षणसंस्थेला भरवशाची वीज हवी होती. तिने १९३७ च्या सुमारास जुन्या बांधावरच मातीचा भराव चढवला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो आणखी उंच केला. १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद पडली. त्यानंतर तलाव उरला तो विरंगुळ्यापुरता. विजेसाठी राबणाऱ्या धरणावर निदान कामगारांचे लक्ष असते. हौसेच्या तळ्याला तेवढाही राखणदार मिळत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला काही दिवस जोराचा पाऊस झाला. तलाव नेहमीच्या पातळीच्या वर चढला आणि रात्री दीडच्या सुमारास भराव खचला. सुमारे पावणेआठ लाख घनमीटर पाणी ओढ्याने सुटले. वाटेत ५७ मीटर उंचीचा टोकोआ धबधबा होता आणि त्याच्या पायथ्याशी संस्थेचा परिसर. माणसे झोपेत होती.

चौकशी मंडळाला धरणाचे नकाशेच मिळाले नाहीत. फुटण्याचे एकच कारण ठामपणे सांगता आले नाही. मात्र पाणी मुरून भिजलेला भराव आणि पायथ्याकडचा अतिशय खडा उतार यांवर मुख्य संशय होता. त्याच उताराचा एक भाग १९७३ मध्येच घसरला होता. म्हणजे इशारा चार वर्षे आधी मिळाला होता.

खासगी धरणे तपासण्याचा केंद्रीय कायदा १९७२ पासून होता, पण तपासणी जवळजवळ झालीच नव्हती. या दुर्घटनेनंतर मूळचे जॉर्जियाचेच असलेले अध्यक्ष जिमी कार्टर यांनी लष्कराच्या अभियंता दलाला कामाला लावले. जॉर्जियाने १९७८ मध्ये स्वतःचा धरण-सुरक्षा कायदा केला. अभियंता दलाने १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणे तपासली; त्यांतली जवळपास एक तृतीयांश असुरक्षित निघाली.